इथिलीन तेवढंच होतं

वाळूज, छत्रपती संभाजीनगर

प्रिय इंद्रजीत,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. लासूर स्टेशनला तुझं वेल्डिंगचं दुकान चांगलं चालतं, लेक झाली, हे तुझ्या बहिणीकडून, निशाकडून कळत असतं. ऐकून बरं वाटतं. खरंच वाटतं.

मी अजून आपल्या कंपनीच्या त्याच लॅबमध्ये आहे. यंदा प्लास्टिक किती तापमानाला वितळतं ते दाखवणारं यंत्र आलं. मी आधी त्यात घातला तो तुझ्या त्या लॉटचा राखून ठेवलेला नमुना. त्या मालाची पाकिटांची फिल्म तुझ्या सीलिंगच्या मशीनला चिकटली, पाकिटांना भोकं पडली आणि सगळे म्हणाले, इंद्रजीतनं हीटर वाढवला. तू घसा फोडून सांगत होतास, "हीटर रोजच्याइतकाच आहे, मालच बदललाय." मीही तेच म्हणत होते, पण प्लास्टिक लवकर वितळावं म्हणून त्यात घालतात ते इथिलीन माझ्याच तपासणीत नेहमीएवढं निघालेलं. त्यापुढं माझं कोण ऐकणार?

आता कळलं. माल पुरवणाऱ्यांनी प्लास्टिक बनवताना वापरायचा उत्प्रेरक बदलला होता. प्लास्टिकचं मूळ प्रॉपिलीन तेच, इथिलीन तेवढंच. पण जुन्या उत्प्रेरकानं इथिलीन प्लास्टिकच्या काही रेणूसाखळ्यांत दाटीनं बसायचं, काहींत जवळजवळ नसायचंच. नव्या उत्प्रेरकानं ते सगळ्या साखळ्यांत सारखं विखुरलं, उशिरा वितळणाऱ्या साखळ्या उरल्याच नाहीत, म्हणून माल कमी तापमानालाच वितळला. रोजचाच हीटर त्याला जास्त झाला. इतकंच होतं रे. एवढ्यासाठी तुझी नोकरी गेली आणि आपलं ठरलेलं मोडलं.

तुला काढल्याच्या कागदावर मॅनेजर म्हणून माझ्याच बाबांची सही. त्यानंतर तू आमच्या दारात कसा येणार? आणि आई नुकतीच गेलेली, बाबांना एकटं टाकून तुझ्यामागं येणं मला जमलं नाही.

यंत्रानं काढलेला आलेख मी बाबांपुढं ठेवला. चष्मा लावून त्यांनी तो दोनदा पाहिला. मग म्हणाले, "पोरगं खरं बोलत व्हतं गं. मी त्याचं ऐकूनबी घेतलं नाय." तेव्हापासून त्यांचं जेवणात लक्ष नाही.

हे पत्र त्यांच्यासाठीच लिहितेय. फोन करायचा त्यांना धीर होत नाही. येत्या रविवारी ते तुझी माफी मागायला लासूरला येणार आहेत. रागव, हवं ते बोल, पण दारातून परत पाठवू नकोस. मी सोबत यावं असं त्यांना वाटतं. मी येणार नाही. तुझ्या बायकोनं चहा विचारला, तर तो कुठल्या नात्यानं घेऊ?

'तुझीच' लिहायला हात धजत नाही,
श्रेया