साक्षीदाराची सही

मंगळवार, संध्याकाळ. संगमनेर.

पुण्याचा भाचा आज दुकानात फॉर्म ठेवून गेला. बँका ज्यांना दारात उभं करत नाहीत अशा कारखानदारांना त्याची कंपनी आपल्यासारख्यांचे पैसे कर्जाऊ देते. व्याज ठेवीपेक्षा बरंच जास्त. मी विचारलं, "पण घेणारे कोण हायेत?"

"मामा, ते कळून काय करायचंय? आम्ही कागद तपासतो ना."

चिडलोच. ज्याचं तोंड बघितलं नाही त्याला पैसे द्यायचे?

मग आठवलं, गावच्या पतसंस्थेत ठेव ठेवताना मी एकही कागद बघितला नव्हता. चेअरमन शाळेपासूनचा दोस्त, रोज दुकानात चहाला. त्याच्याकडं कागद मागायचा म्हणजे अपमानच की. संस्था बुडाली, ठेव गेली. तो अजून चहाला येतो. मी अजून पाजतो.

म्हणजे भाच्याचंच बरोबर? ओळख नको, कागद बघावा. गाठीला असलेल्या पैशांतल्या निम्म्या रकमेचा फॉर्म भरत आणला. शेवटी साक्षीदाराची सही हवी होती.

आणि काय सांगू, सवयीनं त्या चेअरमनलाच फोन लावला. म्हटलं, एक सही पायजे, चहाला ये.

"येतो की," म्हणाला. सही कशावर, हे त्यानंही विचारलं नाही.