साहेबांच्या पुस्तकातली भाकरी

रविवार, दिवेलागण

शिळी म्हणे! माझ्या घरची भाकरी शिळी! एवढं जाडजूड पुस्तक छापलं त्या लेखकानं, आणि माझ्या वाट्याला हा शब्द.

मुख्यमंत्री व्हायच्या आधी साहेब प्रचाराला वळसंगला आले, तेव्हा आमच्याकडं जेवले होते. आता त्यांचं चरित्र आलंय. आज नातीनं, पूजानं, वाचून दाखवलं : ‘त्या गरीब माउलीनं भरल्या डोळ्यांनी शिळी भाकरी पुढे ठेवली.’ भरले डोळे कुठले? मी तर चपला भाईर काढा म्हणून वरडले होते. माझं नाव छापलं न्हाय, त्याचं काय न्हाय. पण ती कडक भाकरी होती. पापडासारखी पातळ थापायची, कडक भाजायची, महिनाभर टिकते. शिळी?

पूजाला म्हटलं, लाव फोन लेखकाला. त्यानंच उचलला.

“आजी, कडक म्हणजे शिळीच ना?”

“तुमी कुटले?”

“पुण्याचा.”

“तरीच की!”

मग सगळं समजावलं त्याला. पुढच्या छपाईत दुरुस्त करतो, पण आधी साहेबांना विचारतो म्हणाला. विचार की! तीन खाल्ल्या, चार फडक्यात बांधून नेल्या. विसरंल काय माणूस?

बरं वाटलं. एवढी तापले कशाला, कुणास ठाऊक. पण जेवण लई गोड लागलं आज.

पूजाला बजावलंय, साहेबांच्या पीएचा फोन आला तर ठेवून द्यायचा. उत्तर साहेबांनीच द्यायचं, ते बी मला.