टाचणीला वळण लावताना

४ मार्च, सकाळी
टाचणीला दुकानात येऊन आठ दिवस झाले. कुत्रीचं पिल्लू, तीन महिन्यांचं, दात नावाप्रमाणे. दिसेल त्याच्या अंगावर उडी, आणि तोंडाला लागेल ते कापड ओढायचं. शिवणकामाच्या दुकानात हे चालत नाही. बायको म्हणाली, घरी तिच्यामागे कोण धावणार, तू आणलीस, तूच वळण लाव. लावतो. दोन आठवडे पुरेत. वडिलांच्या माघारी अख्खं दुकान सांभाळलं, चार किलोचं पिल्लू सांभाळता येणार नाही?

५ मार्च
प्लॅन कागदावर उतरवला. आज्ञा एकच: ‘खाली!’ आवाज खणखणीत हवा. दिवसातून दहा वेळा.
संध्याकाळी: एकवीस वेळा ओरडलो. तिला वाटलं, खेळ आहे. माझ्या पँटची डावी मोहरी गेली. पँट तशीही जुनीच होती.

७ मार्च
एक गोष्ट नुसती नोंदवून ठेवतो. मनात काही नाही. मास्तरांच्या अंगावर ती उडी मारत नाही.
मास्तर म्हणजे आमचे कारागीर, वडिलांच्या वेळचे. खरं तर मास्तर मला म्हणायला हवं. पण गिऱ्हाईक आत आलं की माझ्या डोक्यावरून बघत विचारतं, "मास्तर आहेत का?" त्याचं मला कधीच वाईट वाटलेलं नाही. पण कुत्री माझी आहे. दूध मी पाजतो. आणि ही बया मास्तरांच्या मशीनखाली चारही पाय जमिनीवर ठेवून बसते, जसा काही मी सावत्र.

८ मार्च
त्यांना सहज विचारलं, करता काय तुम्ही? म्हणाले, "काही नाही मालक. उडी मारली की पाठ फिरवतो, बोलत नाही. खाली बसली की डोक्यावरून हात."
ही काय ट्रेनिंगची पद्धत झाली? हा शुद्ध आळस.

१० मार्च
बँकेच्या मॅनेजरबाई कोटाच्या ट्रायलला आल्या. टाचणीने धावत जाऊन कोटाचा पट्टा धरला. मी टाळ्या वाजवत, ‘खाली! खाली!’ करत तिच्यामागे. सगळ्यांच्या मिळून टेबलाला दोन प्रदक्षिणा झाल्या. मग मास्तर उठले. बाईंना म्हणाले, जरा भिंतीकडे तोंड करून गप्प उभ्या राहा. बाई राहिल्या. टाचणीने पट्टा सोडला, बसली.
जाताना बाई म्हणाल्या, "किती गुणी आहे हो मास्तर, तुमची कुत्री!"
तुमची!
घरी बायकोला हे तीनदा सांगितलं. बायको म्हणाली, तुला मास्तरांचा हेवा वाटतो. हेवा! आणि मला! हसलो. बराच वेळ हसलो. ती उठून आत गेली.

११ मार्च
मास्तरांच्या पँटच्या मागच्या खिशात गुपचूप बिस्किटाचा चुरा टाकला. प्रयोग म्हणून. कुत्रीचा खरा स्वभाव सगळ्यांना कळायला हवा. टाचणीने खिसा हुंगला आणि बसून वाट पाहू लागली. मास्तरांनी खिशात हात घातला, चुरा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग तो तिला भरवला. बोलले काही नाहीत. हीच त्यांची खोड मला आवडत नाही.

१३ मार्च
मास्तरांना चार दिवस सुट्टी दिली. नको म्हणत होते. आग्रह केला. मुलीकडे जा, नातवाला बघून या. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. आता मी आणि टाचणी.

१४ मार्च, दुपारी ३
प्रगती थक्क करणारी. सकाळपासून एकही उडी नाही. झोपली आहे.
४ वाजता: उठली.
४.१०: नवरदेवाचा कोट. उद्या संध्याकाळी न्यायचाय. इस्त्री करून हँगरला लावला आणि आनंदाच्या भरात म्हणालो, "बघ टाचणे, कसा झालाय!" तिने बघितला. उजवी बाही, कोपरापासून मनगटापर्यंत. त्या कापडाचा तुकडासुद्धा शिल्लक नाही. आणि ती शेपूट हलवतेय, शाबासकीची वाट बघत.
रडलो नाही. डोळ्यांत खडूची पूड गेली.

१५ मार्च
सकाळी मास्तरांना फोन केला. म्हणालो, काम काही नाही, सहज. पहिल्या बसने आले.
सात तास रफू. मान वर नाही. टाचणी त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून. मी दिवा धरला. वडील म्हणायचे, याच्या बोटांना डोळे आहेत. माझ्या बोटांबद्दल ते काही बोलल्याचं आठवत नाही. असो.
नवरदेवाने बाही उलटसुलट करून पाहिली, त्याला काही सापडलं नाही. मास्तरांचे हात हातात घेऊन गेला. मी बिल फाडलं.
नंतर मास्तर म्हणाले, "मालक, राग मानू नका. तुम्ही दारातूनच ‘कुठंय माझी वाघीण’ म्हणून ओरडता, टाळ्या वाजवता. उड्या तिला तुम्हीच शिकवल्यात. तिचा जीव आहे तुमच्यावर, म्हणून उडते."
शेवटचं वाक्य नीट ऐकू आलं नाही, असं सांगून परत म्हणायला लावलं.

१७ मार्च
मास्तरांची पद्धत थोडी सुधारून स्वीकारली. सकाळी आत आलो. हाक नाही, टाळी नाही, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. थेट कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड, हाताची घडी. ती शांत झाल्याशिवाय वळायचं नाही, बोलायचं नाही.
एक मिनिट. पाच मिनिटं. एकही उडी नाही. छाती फुगली.
एवढ्यात कुणी नवीन गिऱ्हाईक आलं. थोडा वेळ माझ्या पाठीकडे बघत असावं. मग मास्तरांना हळूच विचारलं, "मालक, ह्याला कसली शिक्षा केलीत?"
मी बोललो नाही. नियम म्हणजे नियम. मास्तरांचं मशीन मात्र थांबलं.
शेवटी मान वळवली. टाचणी मशीनखाली पाय ताणून घोरत होती. मी आत आलोय, हे तिच्या गावीही नव्हतं.