पालथी नक्षी

फेझ, शनिवार, ११ शाबान

बतूल, लेकी, बाचा सलाम घे.

आम्ही दोघं धडधाकट आहोत. माझे गुडघे कुरकुरतात, पण ते तू घरात होतीस तेव्हाही कुरकुरायचे. तुझ्या आईनं यंदा दोन बरण्या लिंबं खारवली, त्यातली एक तुझ्या नावाची आहे. तिकडे तांजा शहराच्या वाऱ्यात कान झाकून फिरत जा. तीन वर्षं झाली, तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितोय.

आता मुख्य बातमी. तू बनवलेला संगणकावरचा खेळ मी संपवला. चाळीसच्या चाळीस पातळ्या. तुझी आई सांगते की लोक चाळिसाव्या पातळीवर डोकं आपटतायत, खेळातच चूक राहिलीय म्हणून इंटरनेटवर तुझ्या नावानं बोंबलतायत, आणि अजून एकालाही ती सुटलेली नाही. मला सुटली. दोन बोटांनी कळा दाबणारा एकसष्ट वर्षांचा तुझा बा पहिला आला. गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय, पाव भाजणाऱ्या भट्टीवाल्याला तर दोनदा. याला आता तीन आठवडे होतील. लगेच का लिहिलं नाही ते पुढे येईल.

खेळ माझ्या हाती लागला तो तुझ्या आईमुळे. मी गुरुवारी हमामात अंघोळीला गेलो की तुम्ही मायलेकी तासभर बोलता, हे मला या वयात कळलं. तू ठेवून गेलेला तो म्हातारा लॅपटॉप मी अडगळ समजत होतो. ती तो रोज उघडते. काळ्या खिडकीत काहीबाही अक्षरं बडवते, आज्ञा म्हणे, आणि त्या आज्ञा तिनं स्वयंपाकाच्या वहीत उतरवून ठेवल्यात. एका पानावर हरिराच्या सूपला किती कोथिंबीर, आणि खाली तुझा खेळ कसा चढवायचा.

मी म्हटलं, "अगं, जपून. एखादं अक्षर चुकलं तर बंद पडेल."

"बंद पडायला ते काय तुमचे गुडघे आहेत? लिनक्स आहे ते," ती म्हणाली, आणि चष्मा कपाळावर चढवला. ही बाई पस्तीस वर्षं माझ्याबरोबर नांदतेय, आणि मला पत्ता नाही.

मग तिनंच समजावलं, की हे लिनक्स कुणा एकाच्या मालकीचं नाही. ज्याला हवं त्यानं आतून उघडून बघावं, मोडलं तर दुरुस्त करावं, आणि केलेली दुरुस्ती बाकीच्यांना देऊन टाकावी. तू तुझा खेळ आधी यावरच बनवलास, म्हणून त्या जुनाट यंत्रावरही तो लोण्यासारखा चालतो. मला रात्रभर चैन पडलं नाही गं. माझ्या बापानं फरशीच्या काळ्या रंगाची कृती सख्ख्या भावाला सांगितली नव्हती. आणि मी तर पोटच्या पोरीला दुकानाची पायरी चढू दिली नाही. छिन्नी हे बायकांचं काम नाही म्हणालो. तू जे शिकलीस ते दारात उभं राहून, माझं जेवण घेऊन यायचीस तेव्हा.

आणि काय पाहिलं होतंस पोरी. पहिलीच पातळी उघडली आणि मी हसायलाच लागलो. पडद्यावर आमचंच दुकान. झेलीजच्या रंगीत फरशीचे कापलेले तुकडे, आणि सगळे पालथे. लोकांना वाटतं आम्ही रंग बघत बघत नक्षी मांडतो. तुझ्या खेळात त्यांना कळतं की कारागीर रंगाची बाजू जमिनीकडे करून तुकडे लावतो, त्याला दिसते ती नुसती भाजलेल्या मातीची पाठ, आणि सगळी नक्षी डोक्यात धरावी लागते. वरून गिलावा ओतायचा, सुकला की उलटायचं, आणि मगच कळतं की शहाणे ठरलो की गाढव.

खेळ मला आवडला, हे लिहून टाकतो, पुन्हा विचारू नकोस. त्यात घड्याळ नाही. गोळीबार नाही. चुकलं तर कुणी खिजवत नाही, तुकडे मुकाट्यानं ढिगात परत जातात. सतराव्या पातळीला अर्धाच तारा देऊन बाकीचा खेळणाऱ्याकडून काढून घेतेस, तिथं मी चहा थंड होऊ दिला. एकतिसावी मात्र सोपी झालीय. ती तू आळसात केलीस, मला ओळखू येतं.

चाळिसावी उघडली तेव्हा मी आधी नमुना शोधत बसलो. बाकी सगळ्या पातळ्यांत आधी नमुना दाखवतेस. इथं नमुनाच नाही. रिकामी चौकट, तुकड्यांचा ढीग, बस. लोकांनी डोकं आपटायचं नाही तर काय करायचं? पण ढीग बघताच मला कळलं हे काय आहे ते. तेवढं हिरवं, तेवढं मधाळ पिवळं, आणि सोळा वाकड्या पाकळ्या. आपल्या गिऱ्हाइकाच्या, सी लहलूंच्या, अंगणातलं भिंतीवरचं कारंजं.

मी भराभर लावून टाकलं. भिंतीवर बसवलंय अगदी तसं, मीच तर बसवलंय. गिलावा ओतला, उलटलं, आणि खेळ म्हणाला नाही. पुन्हा लावलं. नाही. अकरा वेळा लावलं, बतूल. तुझी आई भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, "खेळ चुकत नसेल, थामी."

"मग कोण चुकतंय?"

ती मान वर न करता शेंगा सोलत राहिली.

बाराव्यांदा ढीग नीट मोजला तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्यात काळे बारके तुकडेच नाहीत. भिंतीवर आहेत. मधलं पाकळ्यांचं चक्र आणि कडेची वेल जिथं भेटतात तिथं चारही बाजूंनी मी काळे तुकडे भरलेत. का भरले ते तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि तिसऱ्या कुणाला कळू नये म्हणून मी तीन वर्षं जिवाचं रान केलं.

आता लिहितोच. कारंज्याची नक्षी तू काढलीस, एकोणिसाव्या वर्षी, कणकेच्या पिशवीच्या कागदावर. मी सी लहलूंना सांगितलं की माझ्या बापाच्या जुन्या कागदांत सापडली. आणि लावताना मी ती पालथी धरायला विसरलो. कडेची वेल बरोबर लावली आणि मधलं चक्र तुझ्या कागदात दिसतं तसंच्या तसं लावलं, त्यामुळे उलटल्यावर पाकळ्या डावीकडे वळल्या आणि वेल धावली उजवीकडे. पहिल्या महिन्याचा शिकाऊ करतो ती चूक चाळीस वर्षं छिन्नी चालवलेल्या मालेमनं, उस्तादानं केली. सांधे जुळेनात, तेव्हा काळ्यानं बुजवले. भिंतीवर चढवल्यानंतरच्या जेवणाला सगळे कारागीर बसले होते, सी लहलू बसले होते, आणि तू हळूच म्हणालीस, "बा, चक्र उलटं बसलंय." किती हळू म्हणालीस. मीच आवाज चढवला. म्हणालो, हिला छिन्नी कुठून धरतात ते माहीत नाही आणि ही मला शिकवणार. सगळे हसले. तू दुसऱ्या दिवशी तांजाला गेलीस.

तुझ्या खेळात काळे तुकडे नाहीत. झाकायला काहीच ठेवलं नाहीस. मी चक्र उचललं, एकेक पाकळी फिरवली, तुझा कागद मनात पालथा धरून लावली. गिलावा ओतला. उलटलं. सांधे असे बसले की केस जाणार नाही, आणि पडद्यावरच्या कारंज्याला पाणी आलं. आवाज इतका खरा, की तुझी आई आतून ओरडली, "नळ कुणी सोडला?" मी रडत होतो. आणि मग हसत होतो. दोन्ही लिहितो, लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या कारागिरांना घेऊन सी लहलूंकडे गेलो. त्यांना म्हटलं, हे फोडायचंय, माझ्या हातून चुकलंय.

"मालेम, तीन वर्षं पाहुणे वाहवा करून जातायत. कुणाला चूक दिसली नाही."

"दिसली होती. माझ्या मुलीला, तुमच्यासमोर. नक्षीही तिचीच. माझ्या बापाची नाही. मी दोनदा खोटं बोललो."

कारागिरांतला म्हातारा सल्लाम त्या जेवणात सगळ्यांत मोठ्यानं हसला होता. आता मान खाली घालून म्हणाला, "पोरीची माफी मागायला हवी आपण." मी म्हटलं, रांगेत उभा राहा, माझा नंबर पहिला. तर बतूल, मी चुकलो. तुझ्या हुशारीवर माझ्या अहंकाराचे काळे तुकडे भरले. मला माफ कर.

सी लहलूंनी फोडायला होकार दिला, आणि नवे तुकडे मी स्वतः कापले. पंधरा दिवस लागले. आता सगळी नक्षी दुकानात मांडून तयार आहे, पालथी, सुतात. गिलाव्याचं पहिलं घमेलं कोणी ओतायचं हा आमच्यातला नेम तुला माहीत आहे. ज्याची नक्षी, त्याचा हात. सल्लामनं घमेलं माझ्यापुढे धरलं, मी ते खाली ठेवायला लावलं. दुकानात कुणी कुरकुर केलीच तर त्याच्यापुढे लॅपटॉप ठेवीन आणि म्हणेन, चाळिसावी सोडवून दाखव, मग बोल.

रमजान लागायच्या आत ये. तोवर एकाही तुकड्याला कुणी हात लावणार नाही.

मालेम बतूल हिच्या दुकानात घमेलं धरून उभा,

थामी, तुझा बा