डाव्या खांद्याची बाही
वडसा, बुधवार, नोव्हेंबर १९८५

मोहर्लीहून इतक्या दूर नाटकाचे कपडे शिवाले आलो. अन् शिंपी मास्तरनं गोऱ्या साहेबाच्या जुन्या काळच्या लोकरी कोटाची उजवी बाही देवाले देली, मले डावी. काऊन? देवा तर माह्या मागून कामाले लागला.

आज कोट नटाच्या अंगावर घालून पाह्यला. देवाची बाही खांद्यावर गोल बसली. माह्या बाहीले चुन्या. मास्तर म्हने, "राहू दे बे. खेळात साहेबाले गोळी डाव्या खांद्यालेच लागते. लाल रंगात चुन्या कोनाले दिसतीन?"

समदे हासले. देवा बी.

मी बाही उसवली. देवाचं चोरून पाह्यलं होतं, तसंच केलं. गोलाईले कच्चा दोरा घालून ओढला, ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली. लोकर आवळली. आता एक चुनी नाई. मास्तर म्हने, "देवासारखी जमली."

देवासारखी! अंगाची आग झाली.

साहेब होनाऱ्या नटाले म्हटलं, "भाऊ, गोळी उजव्या खांद्याले घ्या ना."

"अन् तलवार कोन्त्या हातानं धरू, बाबू?"

म्हंजे दर खेळाले लाल रंग माह्याच बाहीवर पडन. देवाची कोरी राहीन.