शिकवणीची गाडी तेजस्विनीला

मी, कुसुम जयंत पोतनीस, वय त्र्याहत्तर, राहणार नानाखेडा, उज्जैन, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या अकलेने आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहीत आहे. धाक घालणारे घरात आहेत, पण मी काय लिहिते आहे हे त्यांना ठाऊक नाही. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. वकील म्हणाले, हिंदीत लिहा, सोपं जातं. मी मराठीत लिहिते आहे, कारण ज्यांना सांगायचं आहे ते सगळे मराठी समजतात आणि त्यांतल्या एकालाही पळवाट मिळू नये अशी माझी इच्छा आहे. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. मी एकवीस वर्षं बायकांसाठी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. माझे यजमान जयंतराव बँकेत होते, आणि ‘हिला छंद आहे’ असं लोकांना सांगत. या छंदातून चारशेहून जास्त बायका लायसन्स काढून गेल्या. त्यांतल्या कित्येकींचे नवरे मला बघून तोंड फिरवतात, कारण आता त्यांना घरात चावी मागावी लागते.

कलम २. राहतं घर आणि बँकेतल्या ठेवी मुलगा सुमीत व सून तेजस्विनी यांना निम्म्या-निम्म्या, दोघांच्या स्वतंत्र नावाने. संयुक्त नावाने नाही. वेगळं कशाला, असं सुमीत विचारील. त्याने कलम पाच वाचावं.

कलम ३. टायरमधली हवा मोजायचं मीटर, जॅक, पाने आणि बॅटरीच्या तारा माझी नात भार्गवी हिला. तिला अठरावं सरलं आहे. बाळ, गाडी घेशील तेव्हा रंग सगळ्यात शेवटी बघ. जुनी घेत असशील तर किलोमीटरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नको, ब्रेकच्या पॅडलचं रबर बघ. आकडा मागे फिरवता येतो, झिजलेलं रबर बदलायचं मात्र बहुतेकांना सुचत नाही. तू पोहोचायच्या आत विकणाऱ्याने इंजिन गरम करून ठेवलं असेल तर समज, काहीतरी लपवतो आहे. हवा पंधरा दिवसांनी, सकाळी, टायर थंड असताना तपासायची. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. चालवणाऱ्याच्या पायाशी चप्पल, बाटली, पिशवी, काही म्हणजे काही ठेवायचं नाही. आणि गाडी शिकताना शेजारी बापाला बसवायचं नाही.

कलम ४. गाडी ओढायचा दोर माझे दीर दिलीप यांना. तो त्यांना लागेलच. उतार आला की ते गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवतात, क्लचवरचा पाय काढत नाहीत, आणि क्लच प्लेट गेली की मेकॅनिकला शिव्या घालतात. मी एकदा सांगून पाहिलं तर म्हणाले, ‘वहिनी, चालीस साल से चला रहा हूँ.’ म्हणजे चाळीस वर्षं चुकीची चालवली. पण माझा राग क्लचचा नाही. जयंतरावांच्या तेराव्याला तेजस्विनी पंगतीत वाढत होती. भाऊजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की हिच्या हातात स्टिअरिंग दिलं नसतं तर दादा आज असता. पंगतीत तीसेक माणसं होती. कोणी ताटातून मान वर केली नाही. मीही नाही.

कलम ५. आता खरं काय झालं ते. अकरा वर्षांपूर्वी, दिवाळीआधीच्या पुष्य नक्षत्राला सुमीतने नवी गाडी घेतली. मी त्याला सांगितलं होतं की आदल्या दिवशी जाऊन उजेडात गाडी तपासून घे. पुष्याला शोरूममध्ये झुंबड असते, त्या दिवशी कोणी कोणाची गाडी नीट बघत नाही. तो म्हणाला, ‘आई, मुहूर्त निकल जाएगा.’ नवेपणा टिकावा म्हणून सीटवरचं प्लॅस्टिक त्याने काढू दिलं नाही. पट्टा अडकवायचा खटका त्या प्लॅस्टिकखाली दबलेला, म्हणून जयंतराव पुढे बसले ते पट्ट्याशिवाय.

पोतनिसांच्या घरी गाडीच्या पूजेतलं एक श्रीफळ फोडत नाहीत. ते सवा महिना गाडीत ठेवतात. मी म्हटलं, डिकीत ठेव. तर लक्ष्मीला पाठीमागे टाकत नाहीत म्हणे. सुमीतने ते लाल कपड्यात गुंडाळून चालवणाऱ्याच्या सीटखाली सरकवलं. मी शिकवणारी बाई, मला हे दिसलं होतं, आणि शुभ दिवशी वाद नको म्हणून मी गप्प बसले.

देवास गेटपर्यंत सुमीतने गाडी आणली. तिथे पेढे घेतले आणि तेजस्विनीला म्हणाला, आता तू चालव. इतक्या बायकांत तिच्याइतका शांत हात मी दुसरा पाहिला नाही. जयंतराव तिच्या शेजारी, आम्ही मायलेक मागे. गतिरोधकापाशी तिने वेग कमी केला तेव्हा श्रीफळ घरंगळत पुढे गेलं असणार. पुढे रस्ता मोकळा होता, तिने वेग घेतला, आणि गल्लीतून हातगाडी आडवी आली. तिने ब्रेक दाबला. पॅडल खाली गेलं नाही. हातगाडीवाल्याला वाचवून गाडी विजेच्या खांबावर गेली. जयंतरावांचं खुब्याचं हाड मोडलं.

लोक जमायच्या आत सुमीत पुढे वाकला, पॅडलखालचं श्रीफळ ओढून काढलं आणि पेढ्यांच्या पिशवीत घातलं. मी पाहिलं. तो माझ्या कानाशी म्हणाला, ‘आई, याचं नाव नको काढू. लोग बोलेंगे, भगवान का नारियल पैरों में रखा था.’ दुसऱ्या दिवशी राम घाटावर जाऊन त्याने ते क्षिप्रेत सोडून दिलं.

तेजस्विनीने पोलिसांना आपण होऊन सांगितलं की घाबरून आपला पाय ॲक्सिलरेटरवर पडला असणार. सुमीतने उभं राहून ऐकून घेतलं. जयंतराव पुन्हा धड चालले नाहीत आणि तीन वर्षांनी गेले. अपघातापासून ती स्टिअरिंगला हात लावत नाही. सुमीत तिला रोज शाळेत नोकरीला सोडतो आणि मित्रांना हसत सांगतो, ‘हमारी मैडम को ड्राइवर लगता है.’ पोलिसांसमोर तो घाबरला, हे मी एक वेळ समजू शकते. या वाक्याबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

कलम ६. माझी शिकवणीची गाडी, जिला डाव्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच आहे, ती तेजस्विनीला. सुमीतने गाडीला हात लावू नये, धुवायलासुद्धा. शिवाय अशी अट की सुमीतने कलम पाच तेजस्विनी आणि दिलीप यांच्यासमोर मोठ्याने वाचावं. तोवर त्याच्या वाट्याचं अर्धं घर त्याच्या नावावर करू नये.

कलम ७. कलम सहा लिहून मी कागद चार दिवस कपाटात ठेवले. मग माझ्या लक्षात आलं की मला आज बोलता येतं ते मी मेल्यावर मुलाकडून वदवून घ्यायला निघाले आहे. सबब कलम सहामधली अट रद्द. काल सकाळी सुमीत कामावर गेल्यावर मी तेजस्विनीला समोर बसवलं आणि कलम पाच स्वतः वाचून दाखवलं.

ती मेथी निवडत होती. तिने हात थांबवला नाही. वाचून झाल्यावर तिने विचारलं की बाबांना हे माहीत होतं का. मी नाही म्हणाले.

मग म्हणाली, ‘सुमीतचं जाऊ द्या, आई. त्याला गाडीतलं काय कळतं. पण तुम्ही मला शिकवलं होतं. माझा पाय ब्रेकवरच होता, हे तुम्हाला माहीत होतं. मी अकरा वर्षं माझ्या पायाला शिव्या देते आहे.’

मी मुलाची अब्रू राखली आणि ती सुनेच्या जिवावर राखली, एवढंच खरं आहे. या कागदात मी प्रत्येकाला त्याच्या लायकीचं वाटून दिलं आहे. माझ्या वाट्याला तिचं हे बोलणं आलं, ते असंच राहू द्यावं. माझ्या शोकपत्रिकेत ‘आदर्श शिक्षिका’ असं छापू नये. मी गाडीची चावी तिच्यापुढे ठेवली, ती तिने उचलली नाही. तरी गाडी तिचीच. चालवावी, विकावी, भंगारात घालावी, तिला कोणी विचारू नये.

हे सर्व मी पुन्हा वाचलं आहे आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली आहे. त्या दोघांनीही माझ्यासमोर सह्या केल्या आहेत.

(सही) कुसुम जयंत पोतनीस

साक्षीदार १: (सही) प्रतिभा बक्षी, शेजारीण व माझी जुनी विद्यार्थिनी
साक्षीदार २: (सही) मंदार दिघे, वकील

स्थळ: निबंधक कार्यालय, उज्जैन
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५

ता. क. वकिलांच्या परवानगीने एक ओळ वाढवते. मी इथे प्रतिभाच्या गाडीतून आले. तेजस्विनीला चल म्हटलं तेव्हा ती म्हणाली, ‘तुम्ही व्हा पुढे, मी ऑटोने येते.’ ती आली आहे. बाहेरच्या बाकावर बसली आहे, आत आलेली नाही.