खरेदीवाले साहेब

मंगळवार, सानगडी

आमच्या पोहा मिलचे तीन ई-मेल होते. ऑर्डरचा, तक्रारीचा, खरेदीचा. तिन्हीचे पैसे दर महिन्याला जायचे अन् तिन्हीवर उत्तर देणारी मी एकटीच. आज ह्यांनी एकच साधा, स्वस्तातला घेतला. जुन्या पत्त्यांवर आलेलं सगळं आता त्यातच येईल. चांगलंच झालं की. मग जीव काहून खालीवर होऊन राहिला?

खरेदीच्या पत्त्यापायी. तिथं मी नाव टाकतच नव्हती. खाली नुसतं 'खरेदी विभाग' लिहायची अन् कच्च्या शिवणीच्या पिशव्या बेधडक परत करायची. पिशवीवाला फोनवर मलाच विनवायचा, "वहिनी, तुमचे खरेदीवाले साहेब लय कडक आहेत जी. सांगा ना जरा त्यायले." मी म्हणायची, "सांगते."

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "आता खाली नाव कोनाचं टाकू?" मग आपणच "तुझंच टाकतो," म्हणाले.

नेमक्या आजच्याही पिशव्या कच्च्या शिवणीच्या. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. शेवटी पाठवलं: पिशव्या परत घेऊन जा. खाली माझं नाव, शोभा.

लगेच फोन. "वहिनी, साहेब बदलले का जी?"

"नाही," म्हटलं, "तेच आहेत."